धान घरात येईपर्यंत

बिरसीजवळून, ता. गोंदिया
१४ जुलै २०२४

दुर्गे,

पत्र बघून हसशील. आता पत्र कोण लिहिते? पण माझा फोन पाण्याच्या टाकीत पडला, आणि ओमेश्वर म्हणते, आता नवा कायले पाहिजे. पोटचा पोरगा आहे, त्याच्याशी किती हुज्जत घालू. गावात औषधगोळ्या वाटणारी आशाताई, निर्मलाबाई, आठवड्यातून एकदा येते, तिच्या हाती हे पत्र देऊन राहिली. उत्तरही तिच्याच पत्त्यावर टाक.

इकडे धानाची रोवणी सुरू आहे. ओमेश्वर आणि सून भूमेश्वरी दिवसभर शेतात, बांधीत. मी घरी बसून राहते आणि विमानतळावरच्या शाळेची शिकाऊ विमानं मोजते. एक पोरगा येते, चाकं टेकवते, उठते, गावावरून वळते, परत येऊन टेकवते. दिवसभर तेच. जात कुठंच नाही.

माझं बरं आहे. पायाला मुंग्या येतात, जमिनीवर पाय ठेवला तर कापसावर ठेवल्यासारखा वाटते. नावं आठवत नाहीत. काल भूमेश्वरीला हाक मारायची होती तर ओठावर तुझं नाव आलं. तू देवरीच्या जंगलातून आलेली पोर, पाचवी ते दहावी माझ्याजवळ राहिली, माझ्या हातचा मार खाऊन पाढे शिकली. आता हैदराबादला उंदरांचे मेंदू कापते म्हणतात. तर मला एक सांग. म्हातारपणी मेंदू गेला तो गेलाच, की त्यात परत काही उगवते?

डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. एकसष्टावं हे काय वय झालं?

निर्मलाबाई आली वाटते. रोवणी सुरू आहे, घरात कोणी नाही. मला एक सांग. म्हातारपणी मेंदू गेला तो गेलाच, की त्यात परत काही उगवते?

तुझी मोठीमाय,
धनवंता


हैदराबाद
२४ जुलै

मोठीमाय,

हसले नाही. तुझं अक्षर पाहून बरं वाटलं, मग पत्र दुसऱ्यांदा वाचायला घेतलं. एकच प्रश्न तू दोनदा विचारला आहेस, शब्दन् शब्द तोच. मी निबंधात असं केलं असतं तर तू माझा कान लाल केला असतास.

ओमभाऊला पाच वेळा फोन केला. सकाळी अकराला आई झोपली आहे, दुपारी चारला आई झोपली आहे. तू माझ्या देखत कधी दुपारची झोपलेली मला आठवत नाही.

आता तुझा प्रश्न. मेंदूत आत, आठवणी जिथे नव्याने बसतात त्या भागात, एक छोटी जागा आहे. तिला मी आपल्या भाषेत पऱ्ह्यांची वाफी म्हणते, रोवणीआधी धानाची रोपं जिथे उगवतात तशी. तिथे मोठेपणीही नवीन पेशी जन्मतात, वाढतात, आणि शेजारच्या जुन्या पेशींत रोवल्या जातात. उंदरांत हे मी रोज डोळ्यांनी बघते. माणसांत किती होतं, म्हातारपणी होतं की नाही, यावर आमचे लोक अजून भांडतात. म्हणून मी तुला हो म्हणून मोकळी होत नाही.

पण माझं काम काय आहे ते सांगते. आपल्या रक्तात होमोसिस्टीन नावाचा एक पदार्थ तयार होतो. शरीर तो लगेच दुसऱ्या कामाच्या पदार्थात बदलून टाकतं, आणि त्यासाठी त्याला बी-बारा आणि फोलिक अॅसिड ही दोन जीवनसत्त्वं लागतात. ती नसली की होमोसिस्टीन साचत जातं. आम्ही उंदरांमध्ये ते मुद्दाम वाढवतो आणि नवीन पेशी मोजतो. वाफी विरळ होते, मोठीमाय. उगवतात कमी. त्या उंदरांना पाण्यातून बाहेर पडायची वाट शिकायला जास्त दिवस लागतात.

पायाला मुंग्या आणि विसर, हे दोन्ही एकत्र आलं की मला बी-बाराची शंका येते. मी उंदरांची डॉक्टर आहे, माणसांची नाही. पण रक्तातलं होमोसिस्टीन आणि बी-बारा तपासून घे, हट्ट करून घे. आणि तू खातेस काय ते लिही. दूध पितेस ना? मांस-अंडं न खाणाऱ्याला बी-बारा दुधातूनच मिळतं.

मला डिसेंबरपर्यंत इथून हलता येत नाही. उंदरांचे दिवस मोजलेले असतात, एक चुकला तर वर्ष गेलं. पिंजऱ्यात ते आहेत, पण बांधलेली मीच आहे.

दुर्गा


५ ऑगस्ट

दुर्गे,

मास्तरीण मी होती, तू नाही. दोनदा विचारलं तर विचारलं, म्हाताऱ्या माणसाच्या चुका कायले काढते?

माझ्या खाण्याची चौकशी नको करू. घरी दोन म्हशी आहेत, दूध-दह्याला तोटा नाही. गळ्यात तुळशीची कंठी आहे, मांस-अंडं तर मी लग्नाआधीच सोडलं. रक्त तपासलं आहे. हिमोग्लोबिन बारा निघालं. निर्मलाबाई आपल्याकडच्या उरलेल्या लाल गोळ्या मला देते, त्यानं रक्त चांगलं आहे. गोंदियाला मेंदूचा फोटोही काढला. थोडा सुकला म्हणाले.

मी ठीक आहे. दार बाहेरून लावतात ते कुत्रे आत येतात म्हणून, बाकी काही नाही.

एक गोष्ट तुलाच सांगते. ओमेश्वर एका संस्थेचं बोलून राहिला. मी भिंतीआडून ऐकलं. नागपूरकडे कुठं आहे, डोकं फिरलेल्या म्हाताऱ्यांना ठेवतात, गेटला कुलूप असते. भूमेश्वरीला म्हणत होता, धान घरात येईपर्यंत पाहू, मग नेऊन देऊ. म्हणजे माझ्याजवळ धान कापायला येतपर्यंतचे दिवस आहेत. मला तिथं नाही जायचं, दुर्गे. मला भीती वाटते. मी कुणाला हे बोलून दाखवत नाही, कारण रडली तर म्हणतात, बघा, आता रडायलाही लागली.

तुझी मोठीमाय


१९ ऑगस्ट

दुर्गाताई,

मी भूमेश्वरी लिहून राहिली. तुमचं पत्र आईंनी तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं, तांदूळ काढताना माझ्या हाताला लागलं. वाचलं, राग नका मानू. फोन केला असता, पण अंगणात बोललेलं सगळं यांना ऐकू जाते.

आईंनी तुम्हाला अर्धंच सांगितलं. फोन टाकीत पडला नाही, यांनी काढून घेतला. आई रोज सकाळी जुन्या हेडमास्तरांना फोन करत आणि सांगत, आज यायला उशीर होईल. हेडमास्तर चार वर्षांआधी गेले. त्यांची सून फोन उचलायची, बिचारी हो बाई म्हणायची. मग एकदा गॅस उघडा राहिला.

आणि मग शाळा उघडली त्या दिवशी आई निळी साडी नेसून शाळेत गेल्या. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी सरळ पहिलीच्या वर्गात जाऊन खुर्चीवर बसल्या आणि तोंडपाठ हजेरी घेऊन राहिल्या. नावं पंचवीस वर्षांआधीच्या पोरांची. उमेंद्र गुरुजी आता तिथं शिकवतात, ते आईंचेच विद्यार्थी. दारात उभे होते. आईंनी त्यांचं नाव घेतलं तर ते म्हणाले, हजर, बाई. मग हात धरून घरी आणून दिलं. सांगताना ते रडले. पण वर्गातली पोरं हसली आणि गावात बोभाटा झाला. हे दोन दिवस जेवले नाहीत. त्या दिवसापासून दाराला बाहेरून कुलूप आहे. आम्ही बांधीत जातो तर सकाळी आठ ते सांज होईपर्यंत.

आता दुधाचं. माझे सासरे ज्ञानीराम मामाजी गेले, यांनी गयाजीला पिंड दिले, तेव्हा आईंनी तिथं दूध सोडलं. लोक वांगं सोडतात, एखादं फळ सोडतात. आईंनी दूध सोडलं आणि दुधाचं जे जे होते ते सारं सोडलं. आमच्या घरी गयाजीला सोडलेल्या वस्तूचं नाव त्या माणसापुढं काढत नाहीत, ताटात वाढणं तर दूरच. डॉक्टरांनी विचारलं, खातात काय, तर हे म्हणाले, घरचंच सगळं. आई गप्प, मी पण गप्प. साडेतीन वर्षांपासून आई भात, वरण, भाजी आणि काळा चहा, एवढ्यावर आहेत. तुमचं पत्र वाचलं तेव्हा समजलं, आम्ही काय करून बसलो. आम्ही पाप लागू नये म्हणून तोंड बंद ठेवलं होतं.

मग दात दाखवायचं निमित्त करून आईंना गोंदियाला नेलं. रक्त दिलं, त्यांनी नागपूरला पाठवलं. रिपोर्ट आला. होमोसिस्टीन पंधराच्या आत पाहिजे म्हणून छापलं आहे, आईंचं एकसष्ट आहे. बी-बारा शंभराच्याही खाली. यांना अजून सांगितलं नाही. काय करू ते लवकर कळवा.

तुमची,
भूमेश्वरी


हैदराबाद
२९ ऑगस्ट

वहिनी,

तुम्ही केलं ते मला इथे बसून जमलं नसतं. रिपोर्ट घेऊन गोंदियातल्या चांगल्या फिजिशियनकडे जा, आणि ओमभाऊला घेऊनच जा. बी-बाराची इंजेक्शनं देतील. आधी जवळजवळ, मग आठवड्याला, मग महिन्याला. उपकेंद्रातली सिस्टर टोचून देईल. दूध सोडलं आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्या लाल गोळ्यांत लोह आणि फोलिक अॅसिड असतं, त्यानं रक्त चांगलं दिसत राहिलं आणि खालची कमतरता कुणालाच दिसली नाही. निर्मलाबाईंना दोष देऊ नका, त्यांनी मायेनंच दिल्या.

किती परत येईल ते मला माहीत नाही. उशीर किती झाला त्यावर असतं. पण थांबू नका.

आणि मोठीमाय, हे तुझ्यासाठी. घरी दोन म्हशी आहेत असं लिहिलंस. खोटं एक अक्षर नाही आणि खरंही काही नाही. असं उत्तर मी लिहिलं असतं तर तू मला पास केलं नसतंस.

दुर्गा


९ सप्टेंबर

दुर्गे,

डॉक्टरकडे जाऊन आलो. ओमेश्वरही आला होता. मान खाली घालून बसला आणि म्हणाला, घेऊन पाहा, इंजेक्शननं काय बिघडते. संस्थेची बोलणी त्यानं थांबवली नाहीत. सिस्टर दोनदा घरी आली. मी दंड पुढं केला नाही. भूमेश्वरी रडली.

काऊन नाही केला ते तुला सांगते, आणि हे मी कुणालाच सांगितलं नाही. तुझ्या मोठेबाबाच्या किडन्या गेल्या होत्या. पाणी मोजून, दूध बंद. शेवटच्या दिवशी सकाळी मी म्हैस दोहून आली. हातातल्या दुधाच्या गुंडीकडे पाहून ते म्हणाले, अर्धा कप दे. मी म्हटलं, डॉक्टरनं नाही म्हटलं आहे. ते म्हणाले, एक घोट दे. मी रागावली, लहान पोरासारखं करू नका म्हटलं. पहिलीच्या पोराला बोलतो तसं बोलली. ते भिंतीकडे तोंड करून झोपले आणि दुपारी गेले.

एका घोटानं काय झालं असतं, सांग. जाणारा माणूस तर गेलाच. मी गयाजीला दूध सोडलं ते पुण्यासाठी नाही. त्यांना नाही दिलं ते मी कशी पिऊ. आता त्याच्यापायी मेंदू जाते तर जाऊ दे, ही माझी सजा आहे असं मला वाटते. तुमचं ते बी-बारा दुधातलंच असेल, ते मी सुईनं का होईना, घेणार नाही.

धनवंता


हैदराबाद
१६ सप्टेंबर

मोठीमाय,

पत्र वाचून मी लॅबच्या जिन्यात बसून रडले. आता ऐक, सरळ बोलते.

इंजेक्शनात दूध नाही. बी-बारा जंतू तयार करतात, गाई-म्हशीही ते जंतूंकडूनच घेतात. कारखान्यात टाकीत जंतू वाढवून ते काढतात. तुझा गयाजीचा शब्द मोडत नाही. दूध पिऊ नकोस, मरेपर्यंत पिऊ नकोस, मी कधी आग्रह करणार नाही.

मोठेबाबांना तू दूध दिलं नाहीस कारण डॉक्टरवर तुझा विश्वास होता आणि ते जगावे असं तुला वाटत होतं. आता मला तू जगावीस असं वाटतं. तेव्हा डॉक्टरचं ऐकलंस, आता माझं ऐक. धान दीड महिन्यात कापायला येईल. तुझ्याकडे सजा भोगायला वेळ नाही.

दंड पुढे कर.

दुर्गा


२० ऑक्टोबर

दुर्गे,

दंड केला पुढं. अकरा इंजेक्शनं झाली.

पायाच्या मुंग्या कमी आहेत. जमीन परत जमिनीसारखी लागते. सकाळी कोणता वार आहे ते न विचारता कळते. परवा भूमेश्वरीनं बाजारातून काय आणायचं ते सांगितलं आणि मी सगळंच्या सगळं बोलून दाखवलं तर ती माझ्या तोंडाकडे पाहतच राहिली. तुझी ती पऱ्ह्यांची वाफी म्हातारीत असते की नाही, यावर तुम्ही भांडत बसा. इथं काहीतरी हिरवं झालं आहे.

आता वाईट ऐक. आधी कुलूप लागायचं आणि थोड्या वेळात मी विसरून जायची. दाराशी जायची, ढकलायची, उघडत नाही म्हणून परत येऊन बसायची, आणि तेही विसरायची. आता विसरत नाही. सकाळी आठला कडी वाजते तिथपासून सांजेपर्यंत एक-एक मिनिट मला माहीत असते. खिडकीतून लोक दिसतात. मी हाक मारली तर म्हणतात, हो बाई, बसा बाई, येईल ओमेश्वर. मी शुद्ध मराठीत सांगते की मी बरी आहे, कुलूप काढा. ते मान हलवतात आणि जातात. रागावली तर म्हणतात, आज जास्त आहे. गप्प राहिली तर म्हणतात, आज अजूनच गप्प आहे. शहाणी आहे हे दाखवायला मी काय करू ते तूच सांग, कारण जे करते ते वेडीच्याच खात्यात जाते.

शाळेतलंही आठवलं. उमेंद्र हजर म्हणाला ते आठवलं. मी तोंडावर पदर घेऊन दिवसभर बसली होती.

धान पिवळं झालं आहे. पुढचं इंजेक्शन सोमवारी आहे. खरं सांगू, ते नको वाटते. बंद खोलीत शुद्ध कायले पाहिजे?

धनवंता


हैदराबाद
२७ ऑक्टोबर

ओमभाऊ,

हे पत्र तुला आहे. मोठीमायनं मला विचारलं आहे की इंजेक्शन बंद करू का, कारण कुलपात बसायला शुद्ध नसलेली बरी. याचं उत्तर तू दे.

तू घाबरला आहेस हे मला समजतं. गॅस, शाळा, गावातलं हसणं, तुझ्या जागी मीही घाबरले असते. पण ती आजारी होती आणि आजार उतरतो आहे. रिपोर्ट परत काढ. आकडा खाली आला नसेल तर मला शिव्या दे. आणि एक दिवस, फक्त एक दिवस, कुलूप न लावता बांधीत जा.

तुझी बहीण,
दुर्गा


८ डिसेंबर

दुर्गे,

धान घरात आलं. मी पण घरातच आहे, म्हणून हे पत्र लिहून राहिली. कसं झालं ते ऐक.

तू ओमेश्वरला पत्र लिहिलं ते त्यानं दाखवलं नाही, पण इंजेक्शन चुकू दिलं नाही. रिपोर्ट काढला, होमोसिस्टीनचा आकडा चौदावर आला. तरी कुलूप निघालं नाही. गेल्या रविवारी तो संस्थेचा फॉर्म घेऊन अंगणात आला. माझ्यापुढं बसला, शाईचा डबा उघडला आणि म्हणाला, माय, अंगठा लाव. माझ्याकडे पाहत नव्हता.

मी म्हटलं, चष्मा दे, आधी वाचते. वाचला. रुग्णास दिवस-वार कळत नाही, असं त्यानं आपल्या हातानं लिहिलं होतं. मी म्हटलं, बेटा, आज रविवार, एक डिसेंबर. रुग्णास मधला स काढ, रुग्णाला लिही, सोपं लिहावं. वय एकाहत्तर लिहिलं आहे, मी एकसष्टची आहे. मग अंगठ्याच्या जागी पेन घेतला आणि पूर्ण नावानं सही केली. म्हटलं, ने आता कुठं नेते ते. सही सरळ आली.

त्यानं फॉर्म हातात घेतला आणि ती सही पाहिली. त्याच्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं हीच सही होती. मग शाईचा डबा बंद केला आणि म्हणाला, राहू दे. दुसऱ्या दिवशी दोघं कुलूप न लावता गेले. मी दारात खुर्ची टाकून बसली. भूमेश्वरी दुपारून धावत पाहायला आली आणि मला बसलेली पाहून तिथंच उंबरठ्यावर बसली.

तुला आनंद झाला असेल. मलाही झाला. पण फॉर्म त्यानं फाडला नाही. माझी सही असलेला तो फॉर्म कपाटात आहे, खालच्या खणात, घड्या घातलेल्या चादरींच्या मध्ये. मी विचारलं, हा कायले ठेवला? तो म्हणाला, असू दे, काम पडलं तर. वाईट मनानं नाही म्हणाला, ते मला कळते. तरी मी रोज खण उघडून पाहते.

काल माझा चष्मा सापडेना. दोन तास शोधला, कुणाला विचारलं नाही. या घरात भूमेश्वरी भाजीत मीठ विसरते, ओमेश्वर गाडीची चावी विसरते आणि सगळे हसतात. विसरायची सोय फक्त मला नाही. मी चादरी झटकायचं नाटक करत खोलीभर फिरत होती. सुनेनं विचारलं, आई, काय हरवलं? मी म्हटलं, काही नाही.

चष्मा पलंगाखाली निघाला. मी तो पुसला, डोळ्यावर चढवला, आणि सकाळपासून तिथंच होता असं तोंड करून बाहेर येऊन बसली.

तुझी मोठीमाय,
धनवंता